किटलीचा दिवा

"उजे, तुझ्या गाडीत किटली पेटलीय बघ," आई म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली.

भाऊबिजेची सकाळ. साडेनऊ वाजले असतील. अंगणात गाडी सुरू ठेवून मी मागची काच पुसत होते. आईला पुढच्या सीटवर बसून दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि ती बाहेर येऊन तुळशीपाशी उभीसुद्धा राहिली.

मी आत वाकून पाहिलं. काट्यांच्या खाली इंजिनाचं पिवळं चित्र उजळलं होतं. तोटी आणि कान असल्यासारखं ते दिसतं खरं, किटलीच म्हणावी. आणि गाडीही नेहमीसारखी सुरात नव्हती. अंगात कसर भरल्यासारखी थरथरत होती.

"इंजिनाचा दिवा आहे आई. काहीतरी बिघडलंय, एवढंच सांगतो तो."

"मग सांगितलं की त्यानं. देव नको म्हणतोय. ऱ्हाऊ दे."

एवढं बोलून ती करंज्यांचा डबा घेऊन घरात गेली. हरल्यासारखी नाही, सुटल्यासारखी.

मी तेव्हा तीस वर्षांची होते. डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते आणि नुकतीच ही जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली होती. दिवाळीला ती घेऊन गावी आले, तशी आबांनी मला आल्या आल्याच गोठ्यामागं नेऊन सांगितलं होतं, "तुझ्या रंगामामाचा निरोप आलाय. वडूजच्या बाजारात त्याच्या शेजारचा एकजण भेटला मला. अक्काला म्हणावं, औंदा ओवाळायला ये. तुझ्या गाडीतनं घेऊन जा आईला." आईलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

नऊ वर्षं आई माहेरी गेली नव्हती. भांडण झालं होतं ते जात्यावरून. आजी गेल्यावर मामानं तिच्या जात्याची वरची तळी न्हाणीच्या तोंडाशी बसवली, पाय धुवायला. आई दिवसकार्याला गेली, तिनं ते पाहिलं, आणि "आईच्या जात्यावर पाय धुतोस?" एवढं एकच वाक्य बोलून ती आल्या पावली परत फिरली. मामाही हट्टी. त्यानं हाक मारली नाही.

यातली गंमत अशी की माझे आबा गिरणीवाले. डिझेलच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी त्यांनी तीस वर्षं चालवली. पंचक्रोशीतली जाती त्यांनीच मुकी केली, असं आई म्हणायची. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं भांडी घासताना गायची,

गिरणीवाल्या घरी मला दिलं माझ्या बापानं
जातं राहिलं माहेरी, ओवी गाऊ मी कशानं?

"भांड्यावर गा," आबा बाहेरून म्हणायचे. "भांडी बी गोलच हायत."

तर त्या सकाळी मी पहिला फोन लावला गॅरेजवाल्या पोपट मिस्त्रीला. त्याच्या बायकोनं उचलला.

"ते बहिणीकडं गेल्यात, म्हसवडला. आज कोण मिस्त्री घावंल तुम्हास्नी? समदे बहिणीकडं."

आबा ओसरीवरून सगळं ऐकत होते. ते उठले, धोतर सोडून जुनी खाकी पँट चढवून आले. हातात पान्यांची पत्र्याची पेटी.

"उघड तोंड तिचं."

"आबा, ही तुमची गिरणी नाही. हिच्यात कॉम्प्युटर असतो."

"आसंल की. त्यो बी आज बहिणीकडं गेला आसंल."

मी बॉनेट उचललं. आबांनी कुठंच हात लावला नाही. डोळे मिटून, मान तिरकी करून ते नुसते उभे राहिले. गिरणीतही ते असेच उभे राहायचे. पट्टा सुटायच्या आधी त्यांना कळायचं.

"चार हायत न्हवं हिच्यात?"

"चार सिलिंडर, हो."

"तिघी कांडत्यात. चौथी मुसळ धरून नुसती उभी हाय." त्यांनी बोटांनी बॉनेटवर ताल धरला. धप, धप, धप, आणि एक रिकामी जागा. धप, धप, धप, आणि पुन्हा रिकामी जागा. एकदा ऐकल्यावर मलाही दुसरं काही ऐकू येईना.

"उभीला बसवा म्हणावं," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "दमली आसंल. आपणबी आज घरीच बसू."

"तुम्ही बसा!" आबा ओरडले. मग माझ्याकडं वळून हळूच, "बसत न्हाई ती. बघितलंस का?"

त्यांच्या बोलण्याकडं माझं लक्ष नव्हतं. कुठली चौथी उभी आहे ते शोधायची एक रीत मला ठाऊक होती. आमच्या केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर तसं करायचा. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल सोडणारी एक नळी असते आणि तिच्या डोक्यावर वायरचं एक टोपण. गाडी चालू ठेवून एकेक टोपण काढायचं. जिचं काढल्यावर गाडी आणखी लंगडते, ती कामाची. जिचं काढूनही काहीच फरक पडत नाही, ती रुसलेली.

पहिलं काढलं. गाडी गडबडली. लावलं. दुसरं काढलं, तसंच. तिसऱ्यालाही तेच. चौथं काढलं, आणि गाडीनं दखलही घेतली नाही.

"घावली," आबा म्हणाले. "आता हिला कुणी दुखावलं ते बघ."

मी गाडी बंद केली. चौथ्या टोपणाची वायर बोटानं चाचपत मागं मागं गेले. एका काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ती शिरत होती. आबांनी पान्यानं झाकण सैल करून उचललं.

आत दिवाळी होती.

मूठभर लाह्या. अर्धवट कुरतडलेले दोन बत्तासे. त्यांना लागलेलं हळदीकुंकू. कापसाच्या वाती पिंजून केलेली मऊ, गोल गादी. आणि गादीच्या कडेला आमची वायर, उंदरानं सोललेली, तांबं बाहेर, मधोमध तुटलेली.

आम्ही दोघं वाकून त्याकडं बघू लागलो. आबांच्या खांद्यांनी आधी हसायला सुरुवात केली.

"गोदावरी!" त्यांनी हाक मारली. "जरा भाईर या. तुमचं पाव्हणं आल्यात."

आई दारात आली. बॉनेटपर्यंत आली नाही. लांबूनच म्हणाली, "काय हाय?"

"लक्ष्मीपूजनाला गाडीची पूजा कुणी केली?"

"मी केली. का?"

"नैवेद्य कुठं ठिवला?"

आईनं पदर सारखा केला.

"आई," मी म्हणाले, "लाह्याबत्तासे तू इंजिनात ठेवलेस?"

"मग काय चाकाखाली ठिवू?" आई उसळली. "घाटाघाटानं एकटी पोर फिरवतीस तू ती. चाकाची पूजा सगळीच करत्यात. पळती ती पोटानं न्हवं? पोटाला नको का काही घालायला?"

"घातलं की," आबा म्हणाले. "उंदरानं झाकणाखाली वढून नेलं, त्याच्या पोटाला गेलं. वाती कशाला दिल्या पण? त्याला अंथरूण म्हणून?"

"त्या पडल्या आसतील ताटातनं."

"पडल्या. बाळंतीण आसंल उंदरीण. दोन दिवस राह्यली, खाऊन पिऊन, वायर चघळून. माहेरपण केलंत तुम्ही तिचं."

आई हसली. हसायचं नाही असं ठरवूनही हसली, म्हणून पदर तोंडाला लावावा लागला. पण पदर खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा सकाळचाच होता.

"बघा म्हंजे," ती म्हणाली. "माझ्याच हातनं झालं. जायचं नाही असंच हाय ते."

"एस.टी.नं जा मग," आबा म्हणाले.

"नऊ वर्सांनी जायचं ते उभ्यानं? चुरगळलेल्या पदरानं? आन दारात गेल्यावर हिची मामी म्हणणार, या, दमलासा. नको मला." आणि ती आत गेली.

आबांनी बॅटरीची काळी तार सोडवली. मी वायरची दोन्ही टोकं धरली. वरचं कातडं सोलायला आबांनी चाकू दिला आणि पेटीत चिकटपट्टी शोधू लागले. शोधता शोधता, पेटीतच बघत, ते म्हणाले,

"उजे, एक सांगायचं हाय. टोकं जोडायच्या आधी ऐक."

"काय?"

"मला कुणी भेटलं न्हाई बाजारात."

मला आधी समजलंच नाही.

"निरोप आलाच न्हाई. मीच सांगितलं."

माझ्या एका हातात वायरचं एक टोक, दुसऱ्या हातात दुसरं. "म्हणजे मामाला काही माहीतच नाही?"

"न्हाई."

"आबा! आई नऊ वर्षांनी त्याच्या दारात उभी राहणार, आणि तो म्हणणार, का आलीस? मग?"

"मग काय ते मला म्हाईत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?" ते गाडीच्या पुढ्यात, जमिनीवर उकिडवे बसले. "तू नसतीस गं घरात भाऊबिजेला. मी असतो. जिला भाऊ न्हाई ती बाई चंद्राला ओवाळती, रीतच हाय ती. पण हिचा भाऊ तीन तासावर जित्ता हाय. आन ही गिरणीमागं जाऊन, मला दिसू नये म्हणून, ताट घेऊन चंद्राला ओवाळती. नऊ वर्सं. पहिल्या वर्सी मी हसलो बी होतो."

ते नखानं जमिनीवर रेघ ओढत राहिले.

"औंदा तुझी गाडी आली. मला वाटलं, सांगून टाकावं. तोंडातनं निघून गेलं. आता सकाळपासून मला बी वाटाय लागलंय, ही किटली पेटली ते बरंच झालं का काय."

"तुम्ही चला आमच्याबरोबर. तुम्ही मामाशी बोला."

"मी नको. खोटं माझ्या तोंडावर दिसतं. तुझी आई कशी फसली तेच मला कळंना." मग वर बघून म्हणाले, "तू सांग. जोडायची का तशीच ठिवायची? तू म्हणशील तसं. आज गॅरेज बंद, वायर तुटलेली, कुणाचा दोष न्हाई. उद्या पोपट येईल, जोडून देईल. सगळ्यांची अब्रू राहती."

खरंच राहत होती. दोन बोटांएवढं अंतर होतं त्या टोकांमध्ये. ते तसंच ठेवलं असतं तर कुणालाच कधी काही कळलं नसतं.

मी वायर खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले.

आई स्वयंपाकघरात होती. भिंतीला पाठ टेकून उभी. निळं इरकल नेसलेली, पदर खांद्यावर चापूनचोपून, केसांत अबोली. करंज्यांचा डबा पुन्हा उघडलेला होता, आणि करंज्यांचा थर पुन्हा नव्यानं लावलेला होता. साडेअकरा वाजले होते. ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं, मला बघून थांबलं नाही:

बंधूच्या गावा जाते, वाट सरंना सरंना
मन गेलं पुढं पुढं, पाय उंबरा सोडीना

"बस की गं आई," मी म्हणाले. "दोन तास उभी आहेस. जायचं नाही म्हणतेस ना?"

"नाहीच जायचं."

"मग बस."

"निऱ्या मोडत्यात," आई म्हणाली.

मी तांब्या उचलला आणि न पिताच ठेवून दिला. तशीच बाहेर आले.

"आबा, चिकटपट्टी द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पट्टी सोडवायला घेतली. मी टोकं पिळून एकमेकांत गुंफली, वेणी घालावी तशी. आबांनी पट्टी गुंडाळली, एक फेरा, दोन, तीन. वर आणखी एक नळीचा तुकडा चिरून बसवला. लाह्या, बत्तासे, गादी सगळं एका पेपरात काढलं. आबांनी ते फेकून दिलं नाही. गोठ्याच्या आडोशाला नेऊन ठेवलं. "बाळंतीण हाय," म्हणाले. मग बॅटरीची तार लावली.

मी किल्ली फिरवली.

सगळे दिवे एकदम लागले, नेहमीच लागतात. मग एकेक विझत गेला. पिवळा मात्र तसाच होता. आबा बॉनेटवर ताल धरून उभे होते. धप, धप, धप, धप. चौघीही कांडत होत्या. आणि पिवळा दिवाही, आपलं काम झालं असं वाटून की काय, विझला.

"गोदावरी!" आबांनी हाक दिली. "किटली उतरली चुलीवरनं. चला."

आई आली. दारातून आत वाकून तिनं बराच वेळ काट्यांकडं बघितलं.

"बंद करून परत चालू कर."

मी केली. दिवा नव्हता.

"आणखी एकदा."

"आई, तिचीही दमछाक होते गं."

"करून तर दाव."

तिसऱ्यांदाही तो लागला नाही. आईनं आबांकडं बघितलं. आबा अशा काही एकाग्रतेनं पाने पुसत होते की जणू त्या पान्यांनाच उद्या बघायला पाहुणे येणार होते. मग तिनं निऱ्या सावरल्या, डबा मांडीवर घेतला आणि बसली.

वाटेत म्हसवड मागं पडलं, बाभळी लागल्या, उन्हाचा रंग उतरायला लागला. एकदाच तिनं विचारलं, "निरोप कुणी आणला म्हणाले तुझे आबा?"

"शेजारचं कुणीतरी. मला नाव नाही माहीत."

"शेजारचं," आई म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "हळू चालव. घाई न्हाई."

मी हळूच चालवत होते. मलाही घाई नव्हती.

मामाच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. मामा बनियनवर, दाढी वाढलेली, कडुनिंबाखाली चऱ्हाट वळत बसला होता. भाऊबिजेच्या दिवशी कुणी बहीण येणार असेल तर माणूस असा बसत नाही. गाडी बघून तो उठला. पीळ हातातच राहिला.

आई उतरली. एक पाऊल पुढं टाकून थांबली. मी उतरलेच नाही. किल्लीवरचा हातही काढला नाही.

"तू बोलावलंस म्हणून आले," आई म्हणाली.

मामा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं काचेतून माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. आबांसारखंच खोटं माझ्याही तोंडावर दिसत असणार. आईला परत गाडीत घालावं आणि निघावं, असं वाटलं. कडुनिंबावरून एक वाळकी काटकी गाडीच्या टपावर पडली, तिचा केवढा आवाज झाला.

"बोलावलं होतं ते सकाळच्याला," मामा शेवटी म्हणाला. "आता चार वाजले. किती वाट बघायची माणसानं?"

किल्लीवरचा माझा हात आपोआप सुटला.

मग घरात एकच पळापळ झाली. मामी दारात आली, आईला बघून "अगं बया!" म्हणाली आणि मागच्या पावली आत पळाली. आतून भांडं पडलं. मागच्या दारानं ती शेजारी गेली ती सुपारी घेऊन आली, पुन्हा गेली ती पाट घेऊन आली, तिसऱ्यांदा गेली ती नुसतीच डोळे पुसून आली. मामा दाढीला पाणी लावून वस्तरा शोधत होता आणि वस्तरा त्याच्या हातातच होता.

आई पाय धुवायला न्हाणीकडं गेली. तळी तिथंच होती, तशीच. आईनं बादली ओढून बाजूला घेतली आणि मातीत उभं राहून पाय धुतले. मामानं ते बघितलं.

"सिमेंटात बसलीय ती अक्का. एकट्याच्यानं निघंना."

"नऊ वर्सांत दुसरं माणूस मिळालं न्हाई व्हय?"

"मिळालं की. ते ओढायला लागलं की मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे. अक्का येऊन भांडंल, तवा तिच्यासंगट काढू."

"मी म्हातारी काढणार तळी!"

"भांडणार तर हायस."

पाय पुसायला मामानं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला, तो आईनं घेतला.

शेजाऱ्यांकडून आणलेल्या पाटावर मामा बसला. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. ताटात मामीनं गोळा केलेलं सगळं होतं, उसनंपासनं. आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ओवाळलं. मग तिनं डबा उघडला आणि अख्खी करंजी त्याच्या तोंडात कोंबली.

दारामागं उभ्या असलेल्या मामीकडं, तिच्या हातातल्या शेजारच्या सुपारीच्या डब्याकडं, चुकलेल्या बटणांकडं आणि माझ्याकडं आईनं एकदा सावकाश बघून घेतलं.

"पुढच्या साली मातर खरं बोलावणं धाड, रंगा," ती म्हणाली. "मला लांबनं यावं लागतं."

मामाच्या तोंडात अख्खी करंजी होती. त्याला बोलता येईना. तो नुसता मान हलवत राहिला, आणि करंजी संपल्यावरही बराच वेळ हलवत राहिला.